माझ्या नावाने गेलेला नकार

त्या वर्षांत लातूरमध्ये ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्याकडेही फोन नंबर असायचा. शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचं. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, दवाखान्याच्या केसपेपरवर. पी.पी. म्हणजे फोन त्यांचा, निरोप आपला. शेजारी बोलवायला यायचा, नाहीतर बोलवायचं विसरायचा, नाहीतर आपल्या वतीने स्वतःच बोलून मोकळा व्हायचा. त्याबद्दल कुणी कुरकुर करत नसे. दुसऱ्याच्या फोनवर जगायचं तर एवढं सोसायचं, असाच हिशेब होता.

पुढे ईमेल आले आणि आम्ही तेही पी.पी. करून टाकले. मीही केलं. एका गृहस्थांना मी माझा म्हणून जो ईमेलचा पत्ता दिला तो माझ्या धाकट्या दिरांच्या क्लासचा होता. क्लासच्या कार्डावर पत्त्यापुढे पेनाने कंसात पी.पी. लिहिलं तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

आमच्या घराची रचना आधी सांगते. तळमजल्यावर दिरांचा फिजिक्सचा क्लास. वरच्या दोन मजल्यांवर क्लासच्या मुलींचं वसतिगृह, ते मी बघायची. मागच्या बाजूला आमची बिऱ्हाडं. माझा नवरा पाटबंधारे खात्यात, नेमणूक निलंग्याला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचा. मुलगा औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता.

वसतिगृह कुणी ठरवून काढलेलं नव्हतं. भूकंपात माझ्या मामेबहिणीचं गाव गेलं. तिच्या दोन मुली वाचल्या, त्यांना मी घेऊन आले. तेव्हा अख्खं लातूर घराबाहेर झोपत होतं, आम्हीही अंगणात झोपायचो, त्यामुळे दोन अंथरुणं वाढली एवढंच. त्या मुलींना दिरांनी शिकवलं, मी जेवू घातलं, दोघी चांगल्या मार्कांनी पास झाल्या. मग त्यांच्या ओळखीतली एक आली, तिच्या ओळखीतली दुसरी आली. पुढे लातूरला शिकलं की डॉक्टर होतं अशी हवा झाली आणि नांदेड, नायगाव, माहूर, उदगीर, कुठून कुठून आईबाप ट्रंका घेऊन उतरायला लागले. क्लास वाढला तसे मजले चढले. पाणी, स्वयंपाक, गजर, ताप, रडणं, आईबापांचे फोन, सगळं माझ्याकडे. पगाराचा विषय कधी निघाला नाही. घरचंच काम होतं ना.

तर ते गृहस्थ. नायगावचे निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची नात माझ्याकडे होती. नांदेडला मुलींचं एक मोठं वसतिगृह आहे, त्याच्या कमिटीवर ते होते. नातीला भेटायला आले की ते वसतिगृहभर फिरायचे. स्वयंपाकघरात डोकवायचे, टाकीचं झाकण उघडून बघायचे, आणि काही न बोलता जायचे. एकदा मात्र ते माझ्या टेबलासमोर बसले.

"बाई, आमच्या नांदेडला रेक्टर पाहिजे. राहायला क्वार्टर हाय, पगार हाय, अन् रोज उठून डोक्यावर बसणारं कोणी न्हाई. जाहिरात काढायच्या आधी तुम्हाला रीतसर विचारावं म्हणतो. आमचे अध्यक्ष हैदराबादला असतात, त्यांचं सगळं मेलवर चालतं. पत्ता देता?"

मी ते कार्ड दिलं. गुरुजींनी चष्मा वर करून बघितलं. "मेललाबी पी.पी.?"

"दिरांचा आहे. सांगतील ते मला."

"हाव, सांगतील ना," म्हणून त्यांनी कार्ड खिशात ठेवलं.

मी वाट बघितली. दिरांना एकदोनदा विचारलंही, भाऊजी, माझ्यासाठी काही मेल आला का? ते म्हणायचे, बघतो वहिनी. त्यांच्याकडे मेल बघायची एक रीत होती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्राममध्ये सकाळी एकदाच सगळे मेल उतरवून घ्यायचे, हवे ते ठेवायचे, बाकीचे पुसायचे. एकदा त्या मशीनवर उतरले की बाहेर कुठेच राहत नसत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीला गुरुजी नातीला न्यायला आले तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, गुरुजी, तुमच्या अध्यक्षांचा विचार बदललेला दिसतोय.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमचं उत्तर आलं की बाई. वाईट वाटलं, पण काय लिहिलंत. असलं इंग्रजी आमच्या कमिटीत कोणाला येत न्हाई."

"मी काय लिहिलं?"

"म्हंजे?"

"म्हणजे त्यात काय लिहिलेलं होतं ते सांगा."

"हेच की घरच्या जिम्मेदाऱ्या सोडून लातूरच्या बाहेर पडणं होणार न्हाई. विचारलंत याबद्दल आभारी. खाली तुमचं नाव." बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं असावं. हातातली नातीची पिशवी त्यांनी खाली ठेवली. "तुम्ही लिहिलं न्हाई?"

"नाही. आणि मला विचारलंही नाही. जागा भरली का?"

"एक बाई बघून राहिलो आम्ही. ठरलं न्हाई. महिन्याच्या शेवटी कमिटी बसंल, तिथं ठरंल."

म्हटलं, मग आत्ता लिहून देते, घेऊन जा. गुरुजींनी मान हलवली. "त्याचा उपयोग न्हाई. अध्यक्षांजवळ तुमचा नकार हाय. मी कागद काढला तर ते म्हणतील, गुरुजींनी आपलं माणूस घुसवायला आणलाय. नकार ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं होकार येऊ द्या. मेलवर, पण तुमच्या स्वतःच्या पत्त्यावरून. सरळ त्यांना, हा घ्या त्यांचा पत्ता."

नातीला रिक्षात बसवून मी खाली दिरांच्या ऑफिसात गेले. ते पेपर तपासत होते.

"भाऊजी, नांदेडचा मेल कधी आला होता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं, पण गडबडले नाहीत. "आला होता. मी उत्तर दिलं."

"माझ्या नावाने."

"मेल क्लासच्या पत्त्यावर आला, वहिनी. क्लासचा मेल मी बघणार नाही तर कोण बघणार? आणि त्यात मी खोटं काय लिहिलं? जिम्मेदाऱ्या नाहीत का? तुम्ही गेलात तर या मुलींना कोण बघणार? मी आपल्या घराचंच भलं करून राहिलो."

"मला दाखवा काय लिहिलं ते."

ते त्यांनी दाखवलं. पाठवलेल्या पत्रांत होतं. इंग्रजी खरंच चांगलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. अतिशय विनयाने मी नकार दिला होता, माझ्या कुटुंबाच्या माझ्यावर असलेल्या विश्वासाचा उल्लेख केला होता, आणि खाली सौ., माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मी दोनदा वाचलं. मला राग नकाराचा नव्हता. जायचं की नाही हे मी स्वतः ठरवून कदाचित नाहीही म्हटलं असतं. पण तो नाही माझ्या तोंडून निघायला हवा होता. इथे तर माझं तोंडच कुणीतरी परस्पर वापरून जागेवर ठेवून दिलं होतं.

"बरं," मी म्हटलं, "पत्ता तुमचा आहे, हे तुमचं बरोबर आहे."

ते हसले. त्यांना वाटलं, विषय संपला.

सायबर कॅफेत जाऊन कुणीही पत्ता उघडून घेत होतं. पण आमच्या गल्लीतला कॅफे दिरांच्या जुन्या विद्यार्थ्याचा. मी तिथल्या खुर्चीवर बसले असते तर संध्याकाळच्या चहाआधी खाली बातमी पोचली असती. शिवाय दुसऱ्याच्या मशीनचा मला पुरेसा अनुभव आला होता. वसतिगृहाच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. क्लासने नवा घेतला तेव्हा जुना वर ढकलला होता, मुलींच्या याद्या टाइप करायला. आणि एक फोन होता, तो माझ्या नावावर. दिरांच्या नावावर आधीच लाइनी असल्यामुळे पालकांच्या फोनसाठीची ही लाइन माझ्या नावावर घेतली होती. बिल भरायला मीच जायची. नाव माझं आहे याचा तोवर मला तेवढाच उपयोग झाला होता.

टेलिफोन ऑफिसात खिडकीवरच्या माणसाने माझा अर्ज न वाचताच परत सरकवला.

"नेटसाठी साहेबांना पाठवा."

"कोणत्या?"

"मिस्टरांना."

"फोन कुणाच्या नावावर आहे ते वाचा."

त्याने वाचलं. "हे तुम्हीच?"

"मीच."

"तसं न्हाई मॅडम, बायका बिलं भरायला येतात. नेटला कोणी येत न्हाई, म्हणून खामखा चौकशी केली." मग त्याने नवा कागद घेतला. "मेलला नाव काय टाकू? साहेबांचं टाकलं की घरात सगळ्यांच्या ध्यानात राहतं."

मी माझं नाव सांगितलं. ते कुणीतरी आधीच घेतलं होतं. तो म्हणाला, पुढं आकडा लावा, सगळे लावतात. मी आकडा न लावता माहेरचं आडनाव लावलं. ते मोकळं होतं. त्याने एक चिठ्ठी दिली. त्यावर माझा पत्ता, पासवर्ड, आणि दोन सर्व्हरची नावं, एक येणाऱ्या मेलचं आणि एक जाणाऱ्या मेलचं. मोडेम मी बाजारातून आणला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत थांबलेल्या मुली क्लासला खाली गेल्यावर मी दार लावून बसले. मेलचा प्रोग्राम उघडला की तो एकेक प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न असा की तुमचं नाव काय, म्हणजे मेल ज्याला जाईल त्याला कोणतं नाव दिसावं. माझी बोटं सवयीने सौ. आणि पूर्ण नाव लिहून बसली. रेशनकार्ड, मतदारयादी, बचत गट, सगळीकडे तेच. मग मला आठवलं की दिरांनी पाठवलेल्या नकाराखाली अक्षरशः हेच होतं. अध्यक्षांनी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली तर लिहिणारी दोन वेगळी माणसं आहेत हे नावावरूनच कळायला हवं. मी सगळं पुसलं आणि माझं नाव आणि आडनाव एवढंच ठेवलं. मधलं गाळलं. ते टाकायला पुरेसे दुसरे कागद आहेत.

पुढे पत्ता. मग सर्व्हर. मग पासवर्ड, आणि त्याच्याखाली एक चौकोन: पासवर्ड लक्षात ठेवू का? तो आधीच बरोबरची खूण करून बसला होता, जणू माझं उत्तर त्याला ठाऊकच आहे. मी खूण काढली. त्या खुर्चीवर दिवसभरात कोण कोण बसायचं. दर वेळी स्वतः टाइप करीन, हात झिजत नाहीत.

सगळं झाल्यावर स्वतःलाच एक मेल पाठवायचा ठरवला. मजकूर म्हणून रोमन अक्षरांत लिहिलं: उद्या ज्वारी दळायला द्यायची. पाठवा दाबलं. मोडेम किंचाळला, घरघरला, जोडला गेला. टेलिफोन ऑफिसचं स्वागताचं पत्र आलं, म्हणजे येणारी वाट चालू होती. पण माझी ज्वारी जाईना. पाठवायच्या पेटीत अडकून बसली आणि दर वेळी प्रोग्राम इंग्रजीतून तक्रार करायचा. मी चिठ्ठी पुन्हा काढली आणि एकेक अक्षर बोट ठेवून ताडून बघितलं. येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव मी दोन्ही ओळींत लिहून बसले होते. घाईत काम केलं की असं होतं. मुलींना मी हेच सांगायची. खालची ओळ बदलली. ज्वारी गेली, आणि थोड्या वेळाने परत माझ्याकडे आली. तिच्यावर माझं नाव होतं.

आता अध्यक्षांना लिहायचं. मी मराठीतच लिहिलं, रोमन अक्षरांत, माझ्या पद्धतीचं. यापूर्वी माझ्या नावाने तुम्हाला आलेलं उत्तर मी लिहिलेलं नाही. ते मला न विचारता दिलं गेलं. जागा रिकामी असेल तर मला यायचं आहे. इतकी वर्षं मी मुलींचं वसतिगृह चालवते आहे, कसं ते गुरुजींनी टाकीच्या झाकणापर्यंत बघितलं आहे. भेटीला बोलवा, येते.

पाठवा दाबलं. मोडेम जोडला गेला, पट्टी भरत आली, आणि तुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तुटलं. मग जिन्यातून दिरांचा आवाज आला.

"वहिनी, फोनमध्ये किर्रकिर्र काय लागलंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या लाइनचा एक पॅरलल फोन खाली क्लासच्या ऑफिसात होता. त्यांच्या लाइनी गुंतल्या की ते माझी वापरायचे. खरं म्हणजे गुंतलेल्या नसल्या तरी वापरायचे. तिथे कुणी रिसीव्हर उचलला की वर माझं तुटायचं.

"माझा मेल चाललाय," मी वरून सांगितलं.

"किती वेळ चालणार?"

"जाईपर्यंत."

"पुढच्या बॅचच्या ॲडमिशनचे फोन करायचेत. थांबवा थोडं."

थोडं थांबवलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. मग मी खाली गेले. ऑफिसात पालक बसले होते, एक उदगीरकडचं जोडपं आणि त्यांची मुलगी. दीर फोनवर नंबर फिरवत होते. मी त्यांच्या टेबलाच्या मागे वाकून भिंतीवरच्या डबीतून पॅरललची वायर ओढून काढली, गुंडाळली आणि हातात घेतली.

"हे काय, वहिनी?"

"तुमचे दोन फोन इथे आहेत. हा माझा आहे. मेल जाऊ दे."

"लोकांसमोर?"

"लोकांसमोर लावला होता, लोकांसमोर काढला."

उदगीरच्या बाईंनी खाली मान घालून पदर नीट केला. त्यांचा नवरा त्यांच्याकडे बघत होता. मी वर गेले आणि मेल एका दमात गेला.

संध्याकाळी जाऊ आली. धाकटी जाऊ चांगली आहे, पण निरोप्याचं काम तिच्याकडेच यायचं. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, ते म्हणतात, पासवर्ड एक घरात माहीत असलेला बरा. अडीअडचणीला."

"कुणाच्या अडचणीला?"

"आमच्यापासून लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"काही नाही. तुझ्या गोदरेजच्या कपाटात तरी काय आहे लपवण्यासारखं? किल्ली दे, पासवर्ड देते."

ती हसली, मग हसू आवरून खाली गेली. परत पासवर्डचा विषय आला नाही.

शनिवारी नवरा निलंग्याहून आला. त्याला खालूनच कुणीतरी सगळं सांगितलं होतं. जेवताना म्हणाला, "त्याने चुकीचं केलं. ते मी त्याला सांगीन. पण तूही जरा विचारून करायचं होतंस."

"कुणाला?"

"मला."

"आता विचारते. नांदेडला बोलावलं तर मी जाणार आहे. तुमचं म्हणणं काय?"

"हे विचारणं झालं होय?"

"तुमच्या भावाने मला विचारलं त्यापेक्षा जास्त झालं."

तो ताटाकडे बघत बसला. माझा नवरा वादात पटकन उतरत नाही, आणि उतरलाच तर कालव्याच्या पाण्यासारखा, पुढचं दार उघडल्याशिवाय हलत नाही. भात संपवून हात धुतल्यावर म्हणाला, "निलंग्याहून नांदेडला थेट गाडी आहे का, चौकशी करायला पाहिजे." मग रविवारभर त्याने ती चौकशी केली. भावाला तो काय म्हणाला ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

अध्यक्षांचं उत्तर आलं ते माझ्या प्रोग्राममध्ये, माझ्या नावावर. एवढंच लिहिलं होतं की कमिटीच्या दिवशी या. मी गेले. नांदेडच्या त्या वसतिगृहाच्या ऑफिसात लांब टेबल, त्यामागे पाचसहा माणसं, त्यांत एक बाई. गुरुजी कोपऱ्यात बसले होते, त्यांनी ओळख दाखवली नाही. ते बरंच केलं.

अध्यक्ष वयस्कर होते, हैदराबादी वळणाचं मराठी बोलायचे. "बाई, एक सवाल आहे. आमच्याकडे तुमच्या नावाचे दोन जवाब आहेत. एक नाही म्हणतो, एक हो म्हणतो. तुम्हाला इथे बसवलं, आणि उद्या तिसरा आला तर?"

हा प्रश्न मी रस्ताभर एसटीत मनात घोळवला होता. तोच मला अडवणार हे मला माहीत होतं. पात्रतेत मी कमी नव्हते. कमी पडत होता तो माझ्या शब्दाचा भरवसा, आणि तोही मी न बोललेल्या शब्दामुळे.

"तिसरा आला तर पत्ता बघा," मी म्हटलं. "पहिला जवाब ज्या पत्त्यावरून आला तो माझ्या दिरांचा. पासवर्ड त्यांच्याकडे. दुसरा माझ्या पत्त्यावरून आला. पासवर्ड माझ्याकडे, आणि तो घरात कुणालाही माहीत नाही. दिरांनी मागितला, दिला नाही."

"घरच्यांची इजाजत आहे?"

"ती तुमच्या जागेची अट आहे का?"

कमिटीतल्या बाई म्हणाल्या, "ही अट मी तरी वाचलेली नाही." अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं, मग हसले, आणि त्यानंतर कामाचं विचारायला लागले. पाणी गेलं तर, गाव बंद असलं तर, एखाद्या मुलीचा बाप रागारागात तिला न्यायला आला आणि मुलगी जायला तयार नसली तर. यातलं प्रत्येक मी केलेलं होतं. कसं केलं ते सांगितलं. शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, आधी बापाला चहा देते, मग मुलीला विचारते, मग ठरवते. आणि मुलीच्या वतीने मी कधी उत्तर देत नाही. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं.

परत आल्यावर मी कामाला लागले. स्वयंपाकाच्या मावशींना वाणसामान कसं मागवायचं ते शिकवलं, कोणत्या मुलीला कोणतं औषध चालत नाही ते त्यांच्याकडून पाठ करून घेतलं, पालकांना फोन करून सांगितलं की बदल होऊ शकतो. नेमणूक मिळाली नाही तरी हे करून ठेवायला हरकत नव्हती. इतकं काम एकाच माणसाच्या डोक्यात असणं बरं नव्हे, हे तोवर मला कळलं होतं.

नेमणुकीचा मेल सकाळी आला. मी तो वाचत होते तेवढ्यात दीर वर आले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावरून कळलं असावं. खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी नीट बोलले.

"वहिनी, पगार मी पण देऊ शकतो. बाहेर बोर्ड लावू. गर्ल्स हॉस्टेल, डायरेक्टर, तुमचं नाव."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही त्या बोर्डाचा विचार केला. ज्या घरात इतकी वर्षं राबले तिथेच नाव लागणं लहान गोष्ट नव्हती.

"हे तुम्ही तो मेल आला त्या दिवशी म्हणाला असता तर मी विचार केला असता," मी म्हटलं. "भाऊजी, त्या दिवशी तुम्हाला माझी किंमत माहीत होती. म्हणून तर तुम्ही नकार लिहिला."

मी खुर्ची पुढे ओढली.

"आता मला उत्तर लिहायचंय. थोडं सरका, माऊसला हात लागतोय."

ते सरकले, पण गेले नाहीत. मागे उभं राहून वाचत राहिले. मी पासवर्ड टाकताना मात्र त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, ते मी बघितलं.

"निदान परीक्षा होऊ द्या, असं लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं: पत्र मिळालं. सोमवारी रुजू होते.

मग पाठवा दाबलं, आणि गेलं का ते पाठवलेल्या पत्रांत जाऊन बघितलं. गेलं होतं.